दुसरं जाणं

आमच्या वसईत कुणा घरचा मुलगा फादर होऊन परदेशी मिशनला निघाला, की त्याची पाठवणी त्या घराची राहत नसे, ती सगळ्या धर्मग्रामाची होई. सकाळी मिस्सा, मग बँड, गळ्यात झेंडूचे आणि मोगऱ्याचे इतके हार की मान वाकावी, लाल लुगड्यांतल्या म्हाताऱ्या रांगेने येऊन कपाळावर क्रुसाची खूण करणार आणि हातात दहा-वीस रुपयांची घामेजलेली नोट कोंबणार. त्या गर्दीत जाणाऱ्याला आपण जातोय हे कळायलाही फुरसत मिळत नाही. पण तोच मुलगा काही वर्षांनी रजेवर घरी येतो आणि परत निघतो, तेव्हा बँड नसतो. ते दुसरं जाणं घरातल्या घरात, भल्या पहाटे, चुलीवरच्या चहाच्या वासात उरकतं. मला विचाराल तर खरं जाणं तेच. पहिल्यांदा माणूस जातो तेव्हा त्याला मागचं ठाऊक असतं, पुढचं नसतं. दुसऱ्यांदा जाताना दोन्हीकडचं ठाऊक असतं, आणि दोन्हीकडे आपली माणसं असतात.

माझी ती पहिली रजा १९८६ सालची. टांझानियातून मी ऐन पावसाळ्यात घरी आलो. व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेला, सुकुमा लोकांच्या मुलखात होतो मी. कापसाची शेतं, गुरांचे कळप आणि कुणी राक्षसाने खेळता खेळता एकावर एक रचून ठेवावेत तसे करड्या दगडांचे ढीग. त्या कोरड्या, उघड्या मुलखातून आलेल्या माणसाला वसईच्या हिरवेपणाने गुदमरल्यासारखं झालं. बावखलं, म्हणजे आमच्याकडची तळी, काठोकाठ भरलेली, त्यांच्या पाण्यावर शेवाळाची साय, काठावरच्या केळींच्या पानांवर पाऊस वाजतोय, पानमळ्यातून येणारा तो ओला, किंचित तिखट वास, आणि रात्री बेडकांचा इतका कोलाहल की रोझरीचा शेवटचा भाग मोठ्याने म्हणावा लागे. आईने पहिल्याच दिवशी मला चुलीजवळ पाटावर बसवून जेवू घातलं. चारचौघांत ती मला ‘फादर’ म्हणे, अगदी आदराने, आवाज बदलून. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला की मी पुन्हा तिचा ‘बाळ’ असे. हे दोन आवाज ती इतक्या सहज बदलायची की मला तिचं नवल वाटे.

भेटायला येणारी माणसं ओटीवर बसून तेच तेच विचारत. तिकडे सिंह दिसतात का? साप केवढे असतात? तुम्ही खाता काय? मी उगालीचं, म्हणजे मक्याच्या पिठाच्या त्या घट्ट उकडीचं वर्णन करी, सरोवरातल्या माशांचं करी, सिंह मी पाहिला नव्हता तरी लोकांची निराशा नको म्हणून दुसऱ्यांनी पाहिलेल्या सिंहाविषयी सांगे. आणि शेवटी ठरलेला प्रश्न: आता कायमचे कधी येणार? बाबा या बैठकींत कधी बोलले नाहीत. ते खांबाला टेकून पानाच्या देठांच्या जुड्या बांधत बसत. पण एका सकाळी पाऊस उघडला तेव्हा वाडीत आम्ही दोघेच होतो, राजेळी केळींना टेकू देत होतो, तेव्हा त्यांनी वर न बघता विचारलं, “तिकडे विहिरीला पाणी कितीवर लागतं रे?”

मला त्या एका प्रश्नाने इतका आनंद झाला की टेकू तसाच धरून मी बोलतच सुटलो. आमच्या सुकुमा मुलखात कोरड्या पडलेल्या नदीच्या वाळूत बायका हाताने खड्डा कशा करतात, त्या खड्ड्यात पाणी झिरपायची वाट बघत कशा बसतात, भोपळ्याच्या करवंटीने ते किती सावकाश, वाळू ढवळू न देता उपसतात, ते सगळं सांगितलं. मग बाबांनी बैलांचं विचारलं, कापसाच्या भावाचं विचारलं, आणि सगळ्यात शेवटी माणसांचं. माझ्या कॅटेकिस्टचं घर कसलं आहे, त्याला मुलं किती, त्याचं शेत स्वतःचं आहे का. मी सांगत गेलो आणि सांगता सांगता लक्षात आलं, की गेले कित्येक दिवस ही माणसं माझ्या घशात अडकून बसली होती आणि त्यांना बाहेर यायला वाट मिळाली नव्हती. केळीच्या सोपटाचा तो तुरट चीक माझ्या सदऱ्याला लागला, त्याचे काळे डाग पुढे कधी गेले नाहीत.

ऑगस्टमध्ये निळं एरोग्राम आलं. आमच्या वरिष्ठांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, की रजा संपवून मी सरोवराकडे न जाता देशाच्या पार दक्षिण टोकाला, मोझांबिकच्या हद्दीवरच्या माकोंडे पठारावर जावं. तिथे माणसाची गरज आहे.

आज्ञापालनाचं व्रत घेतलेल्या माणसाने अशा पत्राने हलून जाऊ नये, असं कुणी म्हणेल. मी हललो होतो, आणि त्यात काही वावगं होतं असं मला आजही वाटत नाही. सुकुमा मुलखातून निघताना गावाने मला ‘सफारी न्जेमा’ म्हणून निरोप दिला होता, सुखाने जा, तो परत येणाऱ्याला देतात तसा. नगारे वाजले होते, बायकांनी जिभेने ती लहरती किलकारी दिली होती, एका आजीने अर्पणाच्या वेळी पाय बांधलेली कोंबडी माझ्या हातात ठेवली होती आणि ती मिस्साभर वेदीपाशी कुरकुरत राहिली होती. माझी सायकल तिथे होती. सुकुमा गाण्यांच्या वह्या तिथे होत्या. म्वांझाजवळच्या बुजोरा इथलं गोल चर्च आणि तिथले नगारे पाहून आल्यापासून मी ती गाणी उतरवून घेत असे. सकाळी कुणी ‘म्वांगालुका’ म्हटलं की त्याच सुरात उत्तर देणं आता कुठे जिभेला जमलं होतं. ती सगळी सकाळ आता दुसऱ्या कुणाची होणार होती.

आजी तेव्हा होती. ऐकू कमी येई, पण घरात काय चाललंय ते तिला सगळ्यांच्या आधी कळे. तिने मला जवळ बसवून गोन्सालोची गोष्ट सांगितली, जी तिने मला लहानपणी शंभरदा सांगितली होती. आमच्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया: बाप पोर्तुगीज, आई इथलीच. पोरवयात जेझुइट फादरांबरोबर जपानला गेला, ती भाषा आपल्या घरची असल्यासारखी बोलू लागला. पुढे त्यांचा संघ सोडावा लागला, तो व्यापारात पडला, हिंडत हिंडत मनिलाला पोहोचला आणि तिथे फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. आणि १५९३ साली, फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्तांचा दुभाषी म्हणून, पुन्हा जपानच्या किनाऱ्याला लागला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं, त्यांत तो होता. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. आजीला यातली सालं ठाऊक नव्हती. तिची गोष्ट वेगळ्याच जागी थांबायची. लहानपणी ती भाल्यांपाशी थांबे, कारण आम्हा पोरांना तेच हवं असे. या वेळी ती मनिलाच्या बंदरापाशी थांबली. “तो पुन्हा गेला ना,” ती म्हणाली, “तेव्हा तो पोर नव्हता. त्याला सगळं माहीत होतं.” मग माझा हात हातात घेऊन ती बराच वेळ बोटं चाचपत बसली.

सप्टेंबर ओसरला आणि ऊन पडू लागलं. आईची तयारी सुरू झाली. उन्हाळ्यात कुटून ठेवलेला मसाला बाटल्यांमधून काढून, पुन्हा एकदा उन्हात फिरवून, पुन्हा काळ्या बाटल्यांत दांडीने ठासठासून भरला गेला. बूच बसवल्यावर त्याच्याभोवती तिने मेणबत्तीचं मेण ओतलं आणि वर जुन्या धोतराची चिंधी बांधली. बाबांनी तिकडे सुकेळ्यांचा हंगाम माझ्यासाठी म्हणून लवकर धरला. पिकलेली राजेळी केळी सोलून बांबूच्या मांडवावर ओळीने मांडायची, दिवसभर ऊन द्यायचं, संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून झाकून ठेवायची, सकाळी पुन्हा मांडायची. आठवडाभरात त्यांचा रंग मधासारखा होतो, वरून किंचित चिकट, आत मऊ, आणि वास असा की मधमाश्यांना हाकलायला एक माणूस लागावा. ती मग केळीच्याच वाळक्या पानात घट्ट गुंडाळून सोपटाच्या दोरीने आवळायची. बाबा ती पुडकी बांधत असताना मी त्यांच्या बोटांकडे बघत असे. दोरीचा शेवटचा पीळ ते दातांनी ओढत, आणि मग पुडकं कानाजवळ नेऊन दाबून बघत. काय ऐकत, ते त्यांनाच ठाऊक.

पहाटे निघालो. आईने ‘फादर’ही म्हटलं नाही आणि ‘बाळा’ही नाही. बाबा टॅक्सीपर्यंत पिशवी घेऊन आले, आणि म्हणाले, “पाण्याचं कळव.”

दार-एस-सलामला उतरलो तेव्हा बंदरावर तोच खारा, खोबरेल वास होता. बंदरासमोरच सेंट जोसेफ कॅथीड्रल, जर्मन बेनेडिक्टाइनांनी गेल्या शतकाच्या वळणावर बांधलेलं. दुकानांत तेव्हा साबण आणि साखर मिळायची मारामार होती. युगांडाच्या युद्धानंतरची ओढगस्त अजून सरली नव्हती. न्येरेरे आदल्याच वर्षी स्वखुशीने पायउतार झाले होते, पण घराघरांत अजून त्यांचाच फोटो होता आणि लोक अजून त्यांना ‘म्वालिमू’, गुरुजी, असंच म्हणत.

दक्षिणेचा रस्ता म्हणजे तेव्हा एक परीक्षाच होती. रुफिजी नदीवर पूल नव्हता. एन्दुंदूला तराफ्यावर गाडी चढवायची आणि नशिबावर हवाला ठेवायचा. पावसाळ्यात तोही बंद, म्हणजे अर्धा देश उरलेल्या अर्ध्यापासून तुटलेला. आम्ही ट्रकमध्ये सिमेंटच्या गोण्यांवर बसून गेलो. गोरखचिंचेची फुगीर खोडं, मग लिंडीचा निळा उपसागर, माडांची राई, आणि माझ्या पोटात कालवाकालव, कारण तो किनारा थेट आमच्या अर्नाळ्यासारखा होता. मग ट्रक किनारा सोडून चढणीला लागला. पठारावर पोहोचलो तेव्हा संध्याकाळ होती. लाल माती, काजूची अफाट बनं, आणि नेवालाच्या कड्यावरून खाली रुवूमा नदीचं खोरं आणि पलीकडे धुरकट मोझांबिक. त्या कड्याला लोक ‘शिमो ला मुंगू’ म्हणतात, देवाचा खड्डा. पलीकडे यादवी चालली होती, आणि नदी ओलांडून आलेली माणसं आमच्या बाजूला झोपड्या बांधून राहत होती. नव्या जागी मी कशासाठी हवा होतो ते कुणी सांगायची गरज उरली नाही.

आणि पाणी नव्हतं. पठार उंच, माती भुसभुशीत. पडलेला पाऊस खोल कुठेतरी निघून जातो. बायका पहाटे अंधारात कडा उतरून खाली झऱ्यावर जात आणि डोक्यावर बादली घेऊन चढून येत, वरचं पाणी हिंदकळू नये म्हणून त्यात हिरव्या पानांची डहाळी तरंगत ठेवलेली. एक बादली म्हणजे एक सकाळ. बावखलांच्या गावात वाढलेल्या मला पाण्याचा मान काय असतो ते तिथे कळलं. पाहुण्याला हात धुवायला पाणी घालताना यजमानीण तांब्या इतका तिरका धरते, की धार दोऱ्याएवढीच पडावी. आणि पाहुणा हात असे धरतो, की तीच धार दोन्ही तळव्यांवरून जावी. पहिल्या दिवशी हे माझ्याकडून आपोआप घडलं नाही. मला शिकवलं ते एका अतिशय म्हाताऱ्या माकोंडे आजीने. तिच्या चेहऱ्यावर जुन्या रिवाजाची गोंदणनक्षी होती, वरच्या ओठात लाकडी चकती होती, आणि डोळ्यांत माझ्या आजीचाच मिश्कीलपणा. मी तिला वाकून ‘शिकामो’ म्हणे, थोरांना म्हणतात तसं, आणि ती ‘मराहाबा’ म्हणून माझं नमन स्वीकारी. पण मी फादर, म्हणून मला तिनेच आधी ‘शिकामो’ म्हणायचं असा तिचा हट्ट. तेव्हा आमच्यात रोज सकाळी कोण आधी म्हणतो याची शर्यत लागे. दारात उभं राहून ‘होदी’ म्हणायचं, आतून ‘करीबू’ येईपर्यंत थांबायचं. ते दोन शब्द येण्या-जाण्याच्या मधे जो क्षण असायचा, त्यात आतली भांडी आवरली जात, पोरांचे शेंबूड पुसले जात, पाट सरकवला जाई.

बाबांना लिहिलं. उत्तर तीन आठवड्यांनी आलं, पेन्सिलीने, मोठ्या अक्षरांत: चर्चचं छप्पर पत्र्याचं असेल तर पन्हळ लाव. पहिला पाऊस तसाच वाहून जाऊ दे, धूळ आणि पाखरांची घाण धुतली जाईल, मग टाकीत घे. टाकीवर झाकण हवं, नाहीतर डास. एवढंच, खाली सही. ते पत्र मी धर्मग्रामाच्या बैठकीत स्वाहिलीत वाचून दाखवलं. पन्हळ लागली, टाकी बांधली गेली, आणि गावात बाबांचं नाव ‘बाबू वा माजी’ पडलं, पाण्याचे आजोबा. ज्याने कधी विरारपुढे प्रवास केला नव्हता, त्या माणसाला माकोंडे पठारावर लोक नावाने ओळखत.

नाताळ आला तो काजूच्या वासात. आपल्याकडे बोंडांचा तो आंबूस, मादक वास म्हणजे चैत्र-वैशाख. तिकडे ऋतू उलटे, तोच वास डिसेंबरात. अंगणात बायका तीन दगडांवर पत्रा ठेवून काजूबिया भाजत. बीच्या सालीतलं तेल सुटून एकदम भडका उडे, काळा, खवखवणारा धूर डोळ्यांत जाई, मग त्यावर वाळू फेकायची की जाळ बसे. थंड झाल्यावर दगडावर बी उभी धरून लाकडाच्या ठोकळ्याने एकच नेमका टोला. त्या तेलाने बोटांची कातडी सोलते, काळी पडते. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला कम्युनियनसाठी पुढे आलेले बहुतेक हात तसेच काळे होते. कायांबाचा खुळखुळाट, नगारे, कंदिलाचा रॉकेलचा वास आणि पहिल्या पावसाचा मातीचा. मिस्सानंतर मी बाबांची सुकेळी कापून वाटली. म्हाताऱ्या आजीने तुकडा तोंडात बराच वेळ घोळवला आणि विचारलं, हे वाळवणाऱ्याच्या गावात पाऊस किती पडतो? मी सांगितलं. तिने अविश्वासाने मान हलवली आणि आणखी एक तुकडा मागितला.

पुढे मी मिकिंदानीला वरचेवर जाऊ लागलो. पठाराच्या खाली, किनाऱ्यावरचं जुनं बंदर, पडकी अरबी घरं, चुन्याच्या भिंती. डेव्हिड लिव्हिंगस्टनने आपली शेवटची मोहीम इथून सुरू केली, मार्च १८६६ मध्ये. तो आला होता मुंबईहून, आणि त्याच्याबरोबर नाशिकच्या मिशन शाळेतले नऊ आफ्रिकी तरुण होते. गुलामांच्या गलबतांतून इंग्रजी आरमाराने सोडवलेली ही पोरं मुंबईला उतरवली गेली, नाशिकला शरणपूरच्या वस्तीत वाढली, सुतारकी-लोहारकी शिकली. आफ्रिका त्यांची जन्मभूमी, पण आठवणीतही धड न उरलेली. याच नाशिकच्या शाळेतला जेकब वेनराइट पुढे लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या माणसांत होता. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारल्यावर त्याचं हृदय झाडाखाली पुरताना प्रार्थना यानेच वाचली आणि खोडावर नाव यानेच कोरलं. पुढच्या वर्षी देहाबरोबर तो थेट लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीपर्यंत गेला. इतरांपैकी काही जण मोंबासाकडे मिशनचं काम करत राहिले. जग लिव्हिंगस्टनला ओळखतं. मी मात्र मिकिंदानीच्या त्या चिखलट किनाऱ्यावर उभा राहिलो की गोदाकाठी वाढलेल्या त्या पोरांचाच विचार करीत असे. लोक म्हणत असतील, ही आपल्या घरी परत आली. आणि ती पोरं मात्र सर्वस्वी नव्या मुलखात उतरत होती, ओळखीचं काही मागे ठेवून. त्यांची पाठवणी कुणी केली असेल? शरणपूरला त्यांच्यासाठी कुणी काही बांधून दिलं असेल का?

आता सगळं बदललं आहे, आणि बरंचसं बऱ्यासाठीच. रुफिजीवर २००३ साली पूल झाला. मी ज्या वाटेने गोण्यांवर बसून हाडं खिळखिळी करत गेलो, तिथून बस सुसाट जाते, आणि बाळंतपणाला अडलेल्या बाईला तराफ्याची वाट बघावी लागत नाही. तरुण फादर आता रोज संध्याकाळी फोनवर आईचा चेहरा बघतात. एरोग्रामचा चिकट, गोडसर डिंक जिभेला लागायचा, तो आता कुणाला आठवणारही नाही. त्याचं वाईट वाटतं, पण आईला तीन आठवडे वाट बघायला लावणारी ती चीज होती, हेही खरंच. वसईत बावखलं बुजली, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या, उरलेल्या विहिरींचं पाणी मचूळ होत चाललंय; याचं मात्र मला काहीच गोड लागत नाही. बाबा गेले, आई गेली. राजेळी लावणारी घरं बोटावर मोजण्याइतकी. आणि ज्या धर्मग्रामांनी आम्हाला बाहेर पाठवलं, तिथेच आता दूरदूरच्या प्रांतांतून आलेले तरुण फादर आणि सिस्टर दिसतात, मराठी शिकताना अडखळणारे, पहिल्या पावसाळ्यात भांबावलेले.

माझं मागणं साधं आहे. या नाताळात तुमच्या वाड्यात कुणी मिशनरी रजेवर आला असेल, नाहीतर असाच कुणी परमुलखातला फादर तुमच्या धर्मग्रामात असेल, तर त्याला जेवायला बोलवा. सिंहांचं विचारू नका, आणि कायमचं कधी परतणार तेही विचारू नका. ज्यांना मागे ठेवून तो आला आहे त्या माणसांची नावं विचारा, त्यांच्या शेतांचं विचारा, विहिरीला पाणी कितीवर लागतं ते विचारा. आणि मग त्याला सांगू द्या.